शिळा बर्फ

बर्फ शिळा होतो असं मानणारा माणूस मी पाहिलाय. नुसता पाहिला नाही, त्याच्या घरात मागच्या खोलीत भाड्यानं राहिले. आता मी सिडनीला, केलीव्हिलला स्वतःच्या घरात राहते, माझा स्वतःचा फ्रीज आहे, त्यातला बर्फ मी महिनामहिना तसाच ठेवते. तरी ग्लासात बर्फ पडल्याचा आवाज आला की मला आधी काका आठवतात आणि लगेच त्यांचा राग येतो. इतका की कधीकधी सरबताची चवच जाते.

तेव्हा नवरा सिडनीत आणि माझी नोकरी कॅनबेरात, एका सरकारी खात्यात कॉन्ट्रॅक्टवर. गुंगालिनला ट्रॅमच्या शेवटच्या स्टॉपजवळ एका मराठी जोडप्याच्या घरात खोली मिळाली. काकांनी उभं आयुष्य पुण्यात पंपांच्या कंपनीत काढलेलं. पंप बनवण्यात नव्हे हं, विकण्यात. पण बोलायचे असं की पंपाचा शोध त्यांच्याच टेबलावर लागला. मुलानं आईवडलांना इकडे आणलं, घर घेऊन दिलं आणि स्वतः खाणीतल्या नोकरीसाठी पर्थला निघून गेला. काकूंना त्याच्याबरोबर जाता आलं नाही, कारण तोपर्यंत त्यांच्या दोन्ही किडन्या कामातून गेल्या होत्या आणि आठवड्यातून तीन दिवस इथल्या हॉस्पिटलात डायलिसिस चालू झालं होतं.

काकांचा दिवस सुरू व्हायचा पाणी ओतण्यानं. लहानपणी त्यांच्या घरी पहाटे पिण्याचं शिळं पाणी ओतून ताजं भरायचे म्हणे. बऱ्याच घरांत भरायचे, आमच्या सांगलीतही भरायचे. पण आमच्याकडे ते हंड्याकळशीपुरतं होतं. काका किटली ओतायचे, बाटल्या ओतायचे, इस्त्रीतलं पाणी ओतायचे, माझ्या ऑफिसच्या बॅगेतली बाटली मला न विचारता काढून ओतायचे. सगळं बाहेर गुलाबाला. बारा तास बंद बाटलीत राहिलेल्या पाण्याला काय होतं, असं मी एकदा विचारलं. ‘ते तुला कळायचं नाही,’ म्हणाले, आणि माझी बाटली भरून, पुसून हातात दिली. हे पुसून देणं फार वाईट. माणसाला धड भांडताही येत नाही.

जेवणाचंही तसंच. दोन्ही वेळेला ताजं. सकाळची भाजी संध्याकाळी पानात दिसली तर एक घास न खाता ताट बाजूला सरकवायचे, शांतपणे. आवाज चढवल्याचं मला आठवत नाही. आणि घाई हा प्रकार त्यांना माहीतच नव्हता. ट्रॅम समोर उभी असली तरी पाऊल उचलून चालायचे नाहीत, ती निघून जायची, हे बाकावर बसून पुढचीची वाट बघायचे. कुणी काही लवकर करा म्हटलं की ठरलेलं उत्तर, ‘आपल्याला कुठं गाडी पकडायचीय?’

मला कुणी विचारलं, काका वाईट होते का, तर नाही म्हणावं लागेल. डायलिसिसच्या दिवशी काकूंना स्वतः घेऊन जायचे, खुर्चीशेजारी बसून राहायचे, परत आणून पांघरूण घालायचे. त्या दिवशी स्वयंपाक काकांचा, मुगाची खिचडी, उत्तम करायचे. दुष्ट असते तर बरं झालं असतं. दुष्ट माणसाला तोंडावर चार शब्द सुनावून मोकळं होता येतं. या माणसाला सुनावायला गेलं की तो खिचडीवर तूप वाढायचा.

आता मूळ गोष्ट. डायलिसिसवरच्या माणसाला पाणी मोजून प्यावं लागतं. किडनी पाणी बाहेर टाकत नाही, प्यायलेलं सगळं अंगात साठतं, पाय सुजतात, श्वास लागतो. काकूंचं दिवसभराचं पाणी सकाळी एका बाटलीत भरून ठेवलेलं असायचं. गोळ्याही त्यातच, घसा ओला करायचा तोही त्यातच. कॅनबेराचा उन्हाळा कोरडा, नाकातली कातडीसुद्धा सुकते. त्यात ही बाई दिवसभर ती बाटली नजरेनं राखत बसायची. मला एकदा हसत हसत म्हणाल्या, ‘पूर्वी डोळे मिटले की देव दिसायचा गं, आता माठ दिसतो.’ मी हसले, मग खोलीत जाऊन रडले.

हॉस्पिटलातल्या नर्सनं साधा उपाय सांगितला. बाटलीतल्या थोड्या पाण्याचा बर्फ करा आणि तहान लागली की एक खडा तोंडात धरा. तेवढंच पाणी, पण घोटात संपण्याऐवजी बराच वेळ जिभेवर राहतं. सकाळी उठल्यावर काकूंची जीभ टाळ्याला चिकटलेली असायची, तेव्हा एक खडा मिळाला तर दिवस बरा जाईल, असं त्या घरी येऊन म्हणाल्या. मागून मागून मागितलं काय, तर बर्फाचा एक खडा.

कुठल्याही शहाण्या माणसानं त्या संध्याकाळी फ्रीजरमध्ये ट्रे लावला असता. काकांनी अभ्यास सुरू केला. ट्रेतल्या बर्फाला फ्रीजरमधल्या नारळाचा वास लागतो. ट्रेतले खडे सारखे येत नाहीत, मग काकूंच्या पाण्याचा हिशोब कसा ठेवायचा? सर्व्होत, म्हणजे पेट्रोल पंपावर, मिळणारा पिशवीतला बर्फ दारू पिणाऱ्यांसाठी असतो. तेव्हा एकच योग्य मार्ग, आपोआप बर्फ करणारा दोन दारांचा फ्रीज. तो आला, स्वयंपाकघरात देवघरासारखा बसला, आणि मग कळलं की त्याला मागून पाण्याची लाइन लागते आणि सिंक ओट्याच्या पार दुसऱ्या टोकाला आहे.

इथं हे काम परवानाधारक प्लंबरनंच करायचं असतं. डिसेंबरात एक प्लंबर आला. बुटांवर निळ्या पिशव्या चढवून आत आला, कपाटांत डोकं घालून पाहिलं आणि म्हणाला सोपं आहे. सिंकखालच्या गार पाण्याच्या पाइपला एक छोटा नळ जोडायचा, तिथून बारीक प्लास्टिकची नळी कपाटांच्या मागून भोकं पाडत फ्रीजपर्यंत न्यायची. तासाभराचं काम. काका म्हणाले, नळाचं पाणी चालणार नाही, माझ्या फिल्टरमधून घे. सिंकखाली त्यांचा पुण्याहून आणलेला फिल्टर होता, साड्यांमध्ये गुंडाळून आणलेला. ज्या देशात लोक बागेतल्या नळाला तोंड लावतात तिथं हा फिल्टर. प्लंबरनं नळ सोडून पाहिला, करंगळीएवढी धार. म्हणाला, एवढ्या दाबावर आइसमेकर भरणारच नाही, आणि फ्रीजमध्ये स्वतःचा फिल्टर आहे की. काकांनी त्याला सांगितलं, थर्टी इयर्स इन पंप्स, मेट. तो म्हणाला नो वरीज, पेटी बंद केली आणि गेला.

काका म्हणाले दुसरा बोलावू. काकू सोफ्यावरून बघत होत्या. काकांनी त्यांच्याकडे न बघता पुढचं वाक्य टाकलं, गाडीचं, तेच. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अहो, तुम्हाला नसेल पकडायची, त्या बाईची जीभ टाळ्याला चिकटलीय ना. पण मी पडले भाडेकरू. आणि या देशात ख्रिसमसला प्लंबर जे गायब होतात ते जानेवारी संपत आल्याशिवाय उगवत नाहीत. ज्याला त्याला फोन केला, तो बीचवर. म्हणजे एका करंगळीएवढ्या धारेच्या हट्टापायी काकूंचा ऐन उन्हाळा कोरडा जाणार होता.

मग मी माझ्या परीनं केलं. ट्रे आणला, काकांच्याच फिल्टरचं पाणी भरलं, म्हणजे बोलायला जागा नको, आणि फ्रीजरमध्ये मटारच्या पिशवीमागे ठेवला. ऑफिसातून आले की काकूंना एक खडा. त्या तो लिमलेटच्या गोळीसारखा गालात धरून डोळे मिटून बसायच्या, चेहरा असा सैल व्हायचा की बघत राहावं. आठवडा बरा गेला. एका सकाळी बघते तर ट्रे घासून, पुसून ताटाळ्यात पालथा. काका शांतपणे म्हणाले, त्यात परवाचा बर्फ होता, तो मी टाकला.

‘काका, बर्फ शिळा होत नाही,’ मी म्हटलं.

‘पाणी होतं ना? मग बर्फ कसा होणार नाही?’

‘मग ते मटार सहा महिन्यांपूर्वीचे आहेत.’

‘मटार आपण उकळतो. उकळलं की दोष जातो. बर्फ उकळतेस का?’

आपल्याच तर्कावर खूश होऊन हा माणूस चहा गाळायला लागला. मी काकूंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, ‘जाऊ दे गं, त्यांच्या मनाविरुद्ध नको.’ आणि त्यानंतर माझ्या हातून त्यांनी घरात एकही खडा घेतला नाही. काकांचा राग होताच, त्या दिवशी काकूंचाही आला. उभ्या संसारात या बाईनं एकदाही ‘नाही’ म्हटलं नसेल का, असं मनात आलं.

संक्रांतीचं हळदीकुंकू शेजारच्याच गल्लीत होतं. ऊन असं की पायाखालचं गवत मोडून पडत होतं. बायका आत, पुरुष बाहेर लाकडी डेकवर, पोरं एस्कीतला बर्फ एकमेकांच्या पाठीत घालून ओरडत होती. एस्की म्हणजे थंड बाटल्यांची पेटी, बर्फानं गच्च भरलेली. काकू दारातल्या खुर्चीवर बसून तिच्याकडे बघत होत्या. वाणाकडे लक्ष नाही, तिळगुळाकडे नाही. आणि डेकवर काका आपल्या फ्रीजचं वर्णन करत होते, दाब, व्हॉल्व्ह, फिल्टर. आतून ऐकणाऱ्या बायका हळहळून म्हणत होत्या, किती करतात हो काकूंसाठी, आमच्याकडे कुणी पेला पुढे करत नाही. मला त्या सगळ्यांना हलवून विचारावंसं वाटलं, अहो, त्या फ्रीजमधून एक खडा तरी पडलाय का?

मी न राहवून कागदी कपात तीन-चार खडे घेतले आणि काकूंच्या हातात दिले. काकूंनी कप दोन्ही हातांत धरला. काका डेकवरून आत आले, कपात वाकून पाहिलं आणि अगदी मायेनं विचारलं, ‘अगं, हा कुठल्या पाण्याचा, केव्हाचा, काही माहीत आहे का?’ काकूंनी कप खुर्चीखाली ठेवला. मी वाण घेऊन परत येईपर्यंत त्याचं पाणी झालं होतं आणि एक मुलगी ते मांजराला पाजत होती.

जानेवारी सरता सरता दुसरी प्लंबर मिळाली. मुलगीच होती, पिवळा शर्ट, लांब वेणी. मी मुद्दाम सुट्टी टाकून उभी राहिले. तिनंही फिल्टरची धार पाहिली आणि पहिल्यानं सांगितलं तेच शब्द न शब्द सांगितलं. काकांनी तोंड उघडायच्या आत मी म्हटलं, गार पाण्याच्या लाइनला जोड, आणि काका, हे आज झालं नाही तर मी खोली सोडते. ते माझ्याकडे बघत राहिले. भाड्यासाठी नव्हे, काकूंना मी लागत होते हे त्यांना कळत होतं. मग गुलाबाला पाणी घालायला गेले. तासाभरात काम झालं. तीच नळी, तीच कपाटं, तीच भोकं. मधला अख्खा उन्हाळा कोण भरून देणार होतं?

काकांनी नंतर प्रत्येक जोडाला टिश्यू पेपर गुंडाळला. कुठं ठिपका पडतो का बघायला रोज गुडघ्यांवर बसून कपाटात बॅटरी मारायचे. ठिपका पडला नाही, याचं त्यांना वाईट वाटलं असावं. पण फ्रीजबरोबरच्या पुस्तकात त्यांना हवं ते सापडलं. पहिल्या दिवसाचा बर्फ वापरू नका, टाकून द्या. हे कशासाठी, तर नव्या नळीतला प्लास्टिकचा वास जावा म्हणून. काकांनी ते वाक्य मला दोनदा वाचून दाखवलं. ‘बघ, कंपनीच सांगते. ट्रेच्या वेळी तू माझ्याशी भांडत होतीस.’

आणि मग रोज तेच सुरू झालं. रात्रभर फ्रीज बिचारा खडखड करून डबा भरायचा आणि पहाटे काका तो डबा काढून गुलाबाला ओतायचे. रात्रीचा बर्फ, म्हणजे कालचा, म्हणजे शिळा. काकूंना खडा हवा असायचा तो सकाळी, उठल्या उठल्या, आणि नेमका तेव्हाच डबा धुऊन कोरडा. ताजे खडे पडायला दुपार उजाडायची. गुलाबाची झाडं मात्र बर्फानं गारठून काळी पडायला लागली. ज्याच्यासाठी अख्खी लाइन टाकली तोच एक खडा त्या घरात सकाळी मिळत नव्हता. मी पर्थला मुलाला फोन केला. तो हसला, म्हणाला, ‘बाबांचं ते तसंच आहे, यू नो डॅड.’ मी फोन ठेवला तेव्हा माझे कान गरम झाले होते. आईच्या तोंडाला कोरड पडलीय आणि लेक म्हणतो यू नो डॅड.

फेब्रुवारीतला एक शनिवार. मी ओट्याशी चहा ठेवत होते. काका डबा घेऊन मागच्या दाराकडे निघाले. तेवढ्यात काकू खोलीतून बाहेर आल्या, भिंत धरत. ओठ फुटलेले, एका कोपऱ्यात रक्त सुकलेलं. रात्री उकाड्यानं डोळ्याला डोळा लागला नव्हता.

‘अहो, थांबा,’ काकू म्हणाल्या. आवाज कोरडा होता म्हणून त्या थांबून थांबून बोलत होत्या. ‘या घरातलं शिळं आजवर कुणी खाल्लं?’

काका वळले. त्यांना प्रश्न समजला नाही.

‘रात्रीची पोळी, उरलेला भात, तळाला राहिलेली आमटी. तुमच्या पानात कधी आली नाही. टाकली असं वाटलं तुम्हाला? मी खात होते. सासूबाई होत्या तेव्हा त्यांच्यासमोर, मग इथं तुम्ही फिरायला गेलात की. तेव्हा कुणी म्हटलं नाही, शिळं आहे, टाक. मग हेही माझंच. ठेवा तो डबा खाली.’

माझा चहा उतू गेला तरी मी गॅस बंद केला नाही. काका डबा हातात धरून उभे. आतले खडे सुटून एकमेकांवर आपटायला लागले होते.

‘रोज?’ काकांनी विचारलं.

‘रोज.’

‘मला कधी सांगितलं नाहीस.’

हे ऐकून माझ्या डोक्यात असा संताप उसळला की हातातली चिमट्यानं धरलेली पातेली फेकून मारावी. सांगायला हवं होतं? एका घरात जन्म काढलात, उरलेलं जातं कुठं ते दिसत नाही? पाण्यातला कण दिसतो, बर्फाचं वय दिसतं, बाईच्या वाट्याची कालची पोळी दिसत नाही? काकू टेबलापाशी येऊन खुर्चीत बसल्या आणि त्यांनी हात पुढे केला.

काकांनी डबा टेबलावर ठेवला. काकूंनी स्वतःच्या हातानं एक खडा उचलला आणि तोंडात घातला.

काका ओट्याकडे आले, मला बाजूला व्हायला लावून पोळ्यांचा डबा उघडला. रात्रीची एक पोळी होती, कडेनं कडक झालेली. ती त्यांनी गुंडाळली, दूध नाही, तूप नाही, तशीच कोरडी, आणि उभ्या उभ्या खायला लागले. चावायला वेळ लागत होता. मला त्यांचं कौतुक वाटलं असं समजू नका. जन्मभराच्या पोळ्या बाजूला आणि ही एक. कुणी टाळ्या वाजवाव्यात अशी अपेक्षा असेल तर माझ्याकडून नाही, तेव्हाही नाही आणि आजही नाही.

घास गिळून त्यांनी काकूंकडे पाहिलं. ‘असं लागतं होय गं हे?’

काकूंनी डोळे मिटले. तोंडात बर्फ होता, तो त्यांना पुरवायचा होता.